पट्टा की साखळी?
जुनी मोटार घेण्यापूर्वी विचारायचा एक प्रश्न

नगरहून पाथर्डीला जाताना वाटेत करंजीचा घाट लागतो. २०१२ सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, याच घाटाच्या चढावर माझी मोटार बंद पडली. वडिलांना डोळे तपासण्यासाठी मी तिसगावकडून नगरला घेऊन चाललो होतो. ना मोठा आवाज झाला, ना धूर निघाला. इंजिन एकाएकी गप्प झाले, एवढेच. मी हातब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि पुन्हा स्टार्टर फिरवून पाहिला. इंजिन फिरत होते, पण नेहमीपेक्षा हलके आणि भरभर. जणू आत काही अडवणारेच उरले नव्हते.

मागून येणारी एस. टी. थांबली. चालकाने खिडकीतूनच तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "गुरुजी, टायमिंगचा पट्टा तुटलाय. आता स्टार्टर मारू नका, नाहीतर उरलंसुरलंही जाईल."

त्याचे निदान तंतोतंत खरे निघाले. गॅरेजमध्ये इंजिनाचे हेड उतरवले तेव्हा आठांपैकी तीन झडपा वाकलेल्या दिसल्या. दुरुस्तीला एकोणतीस हजार रुपये लागले. त्या वेळी मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. एकोणतीस हजार ही माझ्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. ही मोटार मी दीड वर्षापूर्वीच जुनी म्हणून विकत घेतली होती. घेताना मी रंग पाहिला, टायर पाहिले, गादी पाहिली. पट्टा कधी बदलला, हे मात्र विचारले नाही. तो वेळेवर बदलला असता तर साडेतीन हजारांत काम झाले असते! आणि गंमत अशी, की त्याच वर्षी वर्गात मी इंजिनाचे चार टप्पे फळ्यावर काढून शिकवले होते.

विद्यार्थी मित्रांनो, आज अनेक घरांत पहिली मोटार येते ती जुनीच. कांद्याचे, दुधाचे किंवा पगारातून साठवलेले पैसे घालून ती घेतली जाते. तेव्हा हा पट्टा काय भानगड आहे आणि काही गाड्यांत त्याच्या जागी साखळी का असते, हे तुम्हांला ठाऊक असलेले बरे. यात जे विज्ञान आहे, ते तुमच्या पाठ्यपुस्तकाबाहेरचे नाही.

दोन फेऱ्यांमागे एक फेरी

मोटारीचे नेहमीचे इंजिन चार टप्प्यांचे असते. दट्ट्या खाली येतो व हवा आत ओढतो. वर जातो व ती दाबतो. इंधन जळते आणि वायू दट्ट्याला खाली ढकलतात. दट्ट्या पुन्हा वर जातो व जळलेले वायू बाहेर लोटतो. या चार टप्प्यांत दट्ट्या दोनदा खाली येतो आणि दोनदा वर जातो. म्हणजेच त्याला जोडलेला क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या पुऱ्या करतो.

आता झडपांकडे पहा. हवा आत घेणारी झडप या चार टप्प्यांत एकदाच उघडायची असते. धूर बाहेर सोडणारी झडपही एकदाच. झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा झडपेवर आला की झडप उघडते, तो पुढे सरकला की स्प्रिंगच्या जोराने मिटते. तेव्हा क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची नेमकी एक फेरी व्हायला हवी. म्हणूनच कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात.

हे सारे किती वेगाने चालते? इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. आता एक लाख किलोमीटरचा हिशेब करू. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर त्याला २५०० तास लागतील. इंजिनाचे सरासरी फेरे मिनिटाला २००० धरू. २५०० × ६० × २००० म्हणजे ३० कोटी फेरे! प्रत्येक झडप १५ कोटी वेळा उघडली. तुमचे हृदय मिनिटाला ७२ ठोके देत असेल, तर १५ कोटी ठोक्यांना जवळजवळ चार वर्षे लागतात. एवढ्या काळात ही जुळणी एका दात्यानेही चुकता कामा नये.

गिरणी, सायकल आणि शिवणयंत्र

एका चाकाची गती दुसऱ्या चाकाला कशी द्यायची? गावातल्या जुन्या पिठाच्या गिरणीत सपाट पट्टा असे. तो घर्षणाच्या जोरावर चाले. जात्यात दाणे जास्त पडले की पट्टा घसरे. तिथे घसरणे चालून जाते. एवढेच काय, ते उपकारकही ठरते. पण झडपांच्या बाबतीत घसरणे म्हणजे घातच.

तेव्हा दाते हवेत. पहिला उपाय म्हणजे दातेरी चाकांना दातेरी चाके थेट भिडवणे. बहुतेक ट्रॅक्टरच्या इंजिनांत असेच असते. हा उपाय भक्कम खरा, पण कॅमशाफ्ट दूर, इंजिनाच्या माथ्यावर असेल तर मध्ये बरीच चाके घालावी लागतात. वजन वाढते, आवाज वाढतो आणि किंमतही.

दुसरा उपाय म्हणजे साखळी. सायकलच्या साखळीत पिनांवर फिरणारे लहान लहान रूळ तुम्ही पाहिले असतील. ही रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० साली सिद्ध केली. जुनी प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर यांच्या इंजिनांत साखळीच होती.

तिसरा उपाय दातेरी पट्ट्याचा. याचा जन्म मोटारीसाठी झालाच नाही! शिवणयंत्रात वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ जुळावी लागते, नाहीतर टाका पडत नाही. याच कामासाठी १९४० च्या दशकात अमेरिकेतील रिचर्ड केस या अभियंत्याने आतल्या बाजूला दाते असलेला रबरी पट्टा तयार केला. पट्ट्याची लवचीकता आणि साखळीची अचूकता यांचा तो संगम होता. पुढे जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६२ मध्ये आपल्या '१००४' या मोटारीत झडपांसाठी असा पट्टा वापरला. मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारींमध्ये ही पहिली. पट्टा हलका, स्वस्त, जवळजवळ नि:शब्द. त्याला तेलही लागत नाही. पाहता पाहता तो जगभर पसरला. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० आणि १९९८ च्या डिसेंबरात पुण्याच्या टाटांनी आणलेली इंडिका, दोन्ही पट्ट्याच्याच.

लूनाला हा प्रश्न का नव्हता?

नगर हे वाहनांशी जुने नाते असलेले शहर आहे. येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि १९७२ पासून घरोघरी पोहोचलेली कायनेटिकची लूनाही याच नगरची. तुमच्या आजोबांना विचारा, लूनाच्या टायमिंग पट्ट्याचा खर्च किती येत असे? ते हसतील, कारण लूनाला तो नव्हताच. लूनाचे इंजिन दोन टप्प्यांचे होते. अशा इंजिनात वर-खाली होणाऱ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि दट्ट्या येता-जाता त्या स्वत:च झाकतो व उघडतो. दारही तोच आणि दारवानही तोच! मग वेळ चुकणार कशी? पण या सोपेपणाची किंमत आहे. ताजे इंधन थोडे न जळताच बाहेर निसटते, धूर जास्त होतो. चार टप्प्यांचे इंजिन इंधन वाचवते, पण त्याला झडपा आल्या आणि झडपांमागोमाग पट्टा किंवा साखळीही आली.

पट्टा तुटला की काय होते?

आता करंजीच्या घाटात परत जाऊ. पट्टा तुटला त्या क्षणी कॅमशाफ्ट थांबला. पण क्रँकशाफ्ट व दट्टे जडत्वामुळे काही काळ फिरतच राहिले. ज्या झडपा त्या क्षणी उघड्या होत्या, त्या उघड्याच राहिल्या. खालून दट्ट्या आला. पुढे काय झाले असेल?

हे गणिताने पाहू. एका डिझेल इंजिनात दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर आहे आणि तो हवा २२ पट दाबतो, असे समजा. दट्ट्या अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर सरासरी 'उ' एवढी उंची मोकळी उरत असेल, तर (उ + ८०) ÷ उ = २२. म्हणजे उ = ८० ÷ २१, सुमारे ३.८ मिलिमीटर. आणि झडप उघडताना सिलिंडरात उतरते साधारण ८ ते ९ मिलिमीटर! चार मिलिमीटरच्या फटीत नऊ मिलिमीटर बाहेर आलेली झडप मावेल कशी? टक्कर अटळ आहे. दट्टा जाडजूड, झडपेचा दांडा पेन्सिलीपेक्षाही बारीक. वाकते ती झडपच.

पेट्रोल इंजिनाचा हिशेब थोडा वेगळा. मारुती ८०० च्या इंजिनाची धाव ७२ मिलिमीटर. दाब ९ पट धरला तर मोकळी उंची ७२ ÷ ८ म्हणजे ९ मिलिमीटर येते. ही सरासरी झाली. प्रत्यक्ष पोकळीचा आकार कसा आहे, झडपा तिरप्या आहेत का, दट्ट्यावर त्यांच्यासाठी खाचा आहेत का, यावर टक्कर होणे न होणे अवलंबून असते. म्हणून काही पेट्रोल गाड्या पट्टा तुटल्यावर नुसत्या बंद पडतात. नवा पट्टा घातला की पुन्हा चालू लागतात. डिझेल गाडीला मात्र अशी सवलत सहसा मिळत नाही.

मग माझ्या आठांपैकी तीनच झडपा का वाकल्या? विचार करून पहा. चार सिलिंडर चार वेगवेगळ्या टप्प्यांत असतात. जो हवा दाबतो आहे आणि ज्यात इंधन जळते आहे, त्यांच्या दोन्ही झडपा जवळजवळ पूर्ण मिटलेल्या असतात. उघड्या असतात त्या उरलेल्या दोन सिलिंडरांतल्या. मार बसतो तो उघड्यांनाच. आणि स्टार्टर इतका हलका का फिरत होता, तेही आता कळेल. झडप उघडीच राहिलेल्या सिलिंडरात हवा कोंडली जात नाही, मग विरोध कोण करणार? त्या एस. टी. चालकाने हा दाबाचा नियम कानांनी वाचला होता.

पट्टा म्हातारा होतो, साखळी लांबते

पट्टा आणि साखळी दोन्ही झिजतात, पण त्यांची म्हातारपणाची रीत निराळी.

पट्ट्याच्या रबरात काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि दात्यांवर नायलॉनचे कापड असते. ताण दोऱ्या सोसतात. प्रत्येक फेऱ्यात पट्टा कप्प्यांवर वाकतो आणि सरळ होतो. पट्ट्याला १०० दाते आणि क्रँकशाफ्टच्या चाकाला २० दाते असतील, तर चाकाच्या ५ फेऱ्यांत पट्ट्याची एक फेरी होते. लाख किलोमीटरच्या ३० कोटी फेऱ्यांत पट्टा ६ कोटी वेळा फिरला! त्यातच बोनेटखालची उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन रबराच्या लांबलचक रेणूंवर काम करीत असतात. रबर कडक होते, दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात. तेल गळून पट्ट्यावर आले, तर ऱ्हास आणखी वेगाने होतो. ही रासायनिक क्रिया गाडी उभी असतानाही थांबत नाही. म्हणूनच पट्ट्याला दोन मर्यादा असतात, एक किलोमीटरची आणि एक वर्षांची. जी आधी येईल ती खरी. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकांत साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा आढळतो. नेमका आकडा मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावा.

साखळी पोलादी. ती तेलात चालते आणि सहसा इंजिनाइतकी टिकावी अशी अपेक्षा असते. पण तीही अमर नाही. साखळी 'लांबली' असे मेकॅनिक म्हणतात, तेव्हा पोलाद रबरासारखे ताणले गेलेले नसते. तिच्या पिना व त्यांभोवतीच्या नळ्या झिजतात. ताणाखालच्या बाजूला ४० कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात ०.०२ मिलिमीटर झीज झाली, असे समजा. एकूण लांबी ०.८ मिलिमीटरने वाढली. चाकाला २० दाते, दोन दात्यांतले अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे १६० मिलिमीटर = ३६० अंश. ०.८ मिलिमीटर म्हणजे १.८ अंश. तेवढ्या उशिराने झडपा उघडू लागतात. गाडीची ओढ कमी होते. साखळीने एक दाता उडी मारली तर चूक एकदम १८ अंशांची!

साखळीचा ढिलेपणा घेण्यासाठी टेन्शनर असतो. अनेक इंजिनांत तो तेलाच्याच दाबावर चालतो. तेल वेळेवर बदलले नाही, की त्यात काजळी व धातूचे कण साचतात. तेच कण सांध्यांत शिरून कानशीसारखे काम करतात. म्हणजे साखळीच्या गाडीत पट्ट्याचा खर्च वाचतो, पण तेलाची हयगय परवडत नाही.

आणखी एक फरक फार मोलाचा आहे. साखळी तुटण्यापूर्वी बहुधा बोलते, खडखडते. पट्टा बोलत नाही. करंजीच्या घाटात तो बोलला नव्हता.

जुनी मोटार पाहायला जाताना

गाडीच्या पाटीवर एम. एच. १६ असो की १७, पुढील गोष्टी घरच्यांना आठवणीने सांगा.

पहिले, इंजिनात पट्टा आहे की साखळी हे कंपनीच्या नावावरून ठरवू नका, इंजिनावरून ठरवा. मारुती ८०० ला पट्टा, पण त्याच कंपनीच्या २०१० मध्ये आलेल्या अल्टो के-१० ला साखळी. इंडिकाच्या मूळच्या १४०५ घनसेंटिमीटर डिझेल इंजिनाला पट्टा, तर पुढच्या इंडिका व्हिस्टात बसवलेल्या फियाटच्या १२४८ घनसेंटिमीटर डिझेल इंजिनाला साखळी. हे इंजिन आपल्या पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावातही बनत असे.

दुसरे, पट्टा असेल तर तो बदलल्याचे बिल मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर हवेत. "बदललाय हो" हे उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. बिल नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच धरा, बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या आणि लांबचा प्रवास करण्यापूर्वी तो बदला. त्याबरोबर टेन्शनर व कप्पेही बदलावेत. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही.

तिसरे, "दहा वर्षांत फक्त तीस हजार चालली आहे" या वाक्याला भुलू नका. किलोमीटर कमी असले, तरी पट्ट्याची वर्षे भरलेलीच असतात. शिवाय आकडा मागे फिरवलेलाही असू शकतो. पायाखालच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे का, ते पहा.

चौथे, साखळीची गाडी थंड असतानाच पहा. गेल्यागेल्या बोनेटला हात लावा. ते गरम असेल तर विक्रेत्याने इंजिन आधीच चालवून ठेवले असावे. थंड इंजिन सुरू होताना तेलाचा दाब तयार व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात ढिली साखळी खडखडते. हा आवाज काही सेकंद टिकला, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाचवे, बंद इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण उघडून आतली बाजू पहा. तिथे काळा चिखल साचला असेल, तर तेलाची हेळसांड झालेली आहे. मात्र चालू इंजिनाच्या जवळ कधीही हात नेऊ नका.

मग पट्टा चांगला की साखळी? माझे उत्तर असे, की हिशेब ठेवलेला पट्टा हा हयगय झालेल्या साखळीपेक्षा चांगला. आणि दोन्हींचा हिशेब सारखाच चोख असेल, तर साखळीची गाडी थोडी कमी काळजीची.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कांद्याच्या पैशांतून जुनी डिझेल गाडी घ्यायचे ठरवले. गाडी पाहायला मुलगाही गेला आणि त्याने बिल मागितले. बिल नव्हते. आठ हजारांनी किंमत उतरली, आणि गाडी घरी नेण्याआधी गॅरेजमध्ये गेली. निघालेला जुना पट्टा तो मला दाखवायला घेऊन आला. वरून काळाभोर, नव्यासारखा. पण उलटा वाकवला तेव्हा जवळजवळ प्रत्येक दात्याच्या मुळाशी केसासारखी भेग होती. तो पट्टा आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. चार टप्पे शिकवताना मी तो वर्गात फिरवतो.

करून पहा

१. सायकलची साखळी ताणून धरा आणि २४ कड्यांची लांबी पिनेपासून पिनेपर्यंत मोजा. नव्या साखळीत ती बरोबर १२ इंच भरते. तुमची किती भरली? झीज शेकडा किती झाली? १२ इंचांऐवजी सव्वाबारा भरली, तर प्रत्येक सांधा किती मिलिमीटर झिजला?

२. शिंप्याच्या किंवा घरच्या शिवणयंत्राचे चाक हाताने हळूहळू फिरवा. सुई एकदा खाली जाऊन वर येते, तेवढ्यात खालचा भाग काय करतो ते पहा. ही जुळणी थोडी चुकली तर टाक्याचे काय होईल?

३. २०२४ मध्ये लूना विजेवर चालणारी होऊन पुन्हा आली. तिलाही टायमिंगचा पट्टा किंवा साखळी लागत नाही. पण जुन्या लूनाला ती न लागण्याचे कारण आणि नव्या लूनाला न लागण्याचे कारण एकच आहे का? चार ओळींत लिहा आणि तुमच्या विज्ञान शिक्षकांना दाखवा.